काका बांध घेत नाहीत

ती. स्व. ताईस,

साष्टांग नमस्कार. (साष्टांग लिहिलं खरं, पण मोजणीच्या दिवसापासून कंबर धरली आहे, तेव्हा तूर्त उभ्यानेच. उगाच खोटं नको.) मागच्या पत्रात ‘गुडघे सोडून दुसरं काही विचार’ असं तू बजावलंस, म्हणून गुडघ्यांबद्दल विचारत नाही. ते कसे आहेत तेवढं कळव.

आता शेताचं. प्रत्येकाला एका टोकाला रस्ता आणि दुसऱ्या टोकाला ओढा मिळालाच पाहिजे म्हणून पणजोबांपासून आपण त्या शेताच्या उभ्या पट्ट्या पाडत आलो. आता त्या इतक्या अरुंद झाल्या आहेत की माझ्या पट्टीत नांगर वळवायचा तर काकांची परवानगी लागते, आणि बैल शिंकला तर तुझी. या सगळ्या पट्ट्या जोडून तिथे वसाहत बांधायची आणि आपल्या प्रत्येकाला अंगणासकट एक घर द्यायचं, असा बिल्डरचा बेत आहे हे तुला माहीतच आहे. (स्वयंपाकघराची खिडकी कुठल्या बाजूला हवी इथपर्यंत तू पोहोचली आहेस, असं तुझी सून म्हणाली.) अट एकच. महिनाअखेरीपर्यंत सगळ्यांच्या सह्या हव्यात. एक जरी अडून बसला तरी तो ओढ्यापलीकडची जमीन घेणार, आणि आपण आपल्या पट्ट्या घेऊन बसणार.

मोजणीवाल्याने प्रत्येकाला आपापली हद्द दाखवायला सांगितली, आकडे मांडले, बेरीज केली, आणि पुन्हा केली. मग चष्मा पुसत म्हणाला, “साहेब, या हिशेबाने तुमचं शेत शेजाऱ्याच्या गोठ्यातून त्याच्या न्हाणीघरापर्यंत जातंय.” झालं होतं असं, की प्रत्येक बांध दोन्हीकडच्यांनी आपलाच म्हणून धरला होता. पिढ्यान्‌पिढ्या आपण एकच बांध दोघंदोघं सांभाळत आलो आणि कुणाला शंकाही आली नाही. बिल्डर म्हणाला, बांध कुणाचे ते आधी ठरवा. सगळे आपापल्या चपलांकडे बघायला लागले.

कुणीतरी सुरुवात करायला हवी, असं मला वाटलं. (कॉलेजात शिकल्याचे असे काही तोटे आहेत.) मी म्हटलं, काकांच्या आणि माझ्या मधला बांध काकांचा.

काका म्हणाले, “का?”

“का म्हणजे काय, दिला.”

“पण का दिलास?”

“तुम्ही मोठे आहात.”

“मोठा मी कालही होतो.”

धाकटी वहिनी लगेच म्हणाली, “भावजी आपणहून देताहेत म्हणजे खाली काहीतरी असणार.” काकांनी घरून पहार आणली. माझ्या मनात काही नाही हे दाखवायला मीही फावडं घेतलं आणि त्यांच्याबरोबर बांध खणला. कंबर गेली ती तिथे. सापडलं एक मोडकं विळ्याचं पातं आणि एक चप्पल. चप्पल काकांचीच निघाली. ती झटकून त्यांनी काखेत मारली, आणि म्हणाले, “म्हणजे खाली नाही, दुसरीकडे कुठेतरी आहे.”

खणणं बघूनच बाकीचे दमले. बांध निम्मे-निम्मे करून सगळ्यांनी सह्या केल्या. तुझी तू येशील तेव्हा. राहिले काका. त्यांना निम्माही नको आणि अख्खाही नको. भेटलो की एकच म्हणतात, “का दिलास ते सांग, मी सही करतो.” मी डायरीत दोन पानं स्वतःची उलटतपासणी घेतली आणि निर्दोष सुटलो. एका भल्या हेतूपायी सगळ्यांची घरं अडली आहेत, याचं फार वाईट वाटतं. तुझं ते ऐकतात, तेव्हा तूच त्यांना समजाव.

सूनबाईला आणि मुलांना आशीर्वाद.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. तुझ्या-माझ्या मधला बांध तेवढा ठरायचा आहे. त्यावर ते तुतीचं झाड आहे, ज्याखाली तुझे सगळे फ्रॉक खराब झाले. बिल्डरच्या नकाशात बांध एकाच्या नावावर असेल तर झाड त्याच्या अंगणात राहतं. निम्मा-निम्मा केला तर मधून गल्ली जाते आणि झाडही जातं. तू तो बांध मला सोडशील का? झाडाखाली तुझी खुर्ची कायमची, गुडघ्यांना सोसेल अशा उंचीची.

ता. क. (दुसरा) वरचं लिहून झाल्यावर डायरी पुन्हा उघडली. काकांना बांध दिला तेव्हा मनाच्या कोपऱ्यात होतं, की एक बांध असा चारचौघांत देऊन टाकला म्हणजे दुसरा मागायला तोंड राहील. निर्दोष सुटल्याचं खोडलं आहे.

ता. क. (तिसरा) काका उद्या तुझ्याकडेच येताहेत, तेव्हा पत्र त्यांच्याच हाती देतो आहे. पाकीट नीट चिकटवलं आहे. तरी, काका, इथपर्यंत वाचलंच असेल तर का दिला ते आता कळलं. सही करा, आणि मगच पाकीट पुन्हा चिकटवा.