संत्र्यांचा भाव चढेपर्यंत

रविवार, ५ सप्टेंबर १९३७. अमरावती.
आजपासून रोजनिशी. मोठ्या उलाढाली करणाऱ्या माणसाने नोंद ठेवलेली बरी.
शाळेने दोन वर्षांची थकलेली पगारवाढ एकरकमी दिली. रुपये एकशे साठ. घरात लगेच दोन पक्ष पडले. सौ. अनसूयेचा पक्ष: पोस्टात टाका. पुढल्या जूनमध्ये शकुनला इंग्रजी शाळेत घालायची आहे. फी, पुस्तकं, दोन परकर. माझा पक्ष: पोस्टात पैसा झोपतो.
ही बाई काडेपेटीतली काडी वाचावी म्हणून शेजारणीकडून निखारा आणते. तेरा वर्षं बघतोय. अशा व्यक्तीला कॅपिटल म्हणजे काय, ते कोणत्या भाषेत सांगावं?
मी पाचवीला नफा-तोटा शिकवतो. आजवर एकही उत्तर चुकलेलं नाही.

मंगळवार, ७ सप्टेंबर.
निर्णय झाला. माझा.
बडनेऱ्याच्या रस्त्याला शेषराव माळ्याची संत्र्याची बाग आहे. ऐंशी झाडं. फळ हिरवं असतानाच अख्खा बहार विकत घ्यायचा आणि पिकला की व्यापाऱ्याला द्यायचा. झाडाला चारशे फळं, शेकडा सव्वा रुपया, म्हणजे बरोबर चारशे रुपये. पाचवीतल्या ढ मुलालाही येईल असं गणित.
शेषराव दीडशे म्हणाला. मी दीडशे मोजले. घासाघीस हे लहान माणसांचं काम. त्याची बायको तानुबाई तोंडाला पदर लावून हसत होती. लाजाळू दिसते.

बुधवार, ८ सप्टेंबर.
हिला सांगितलं. तांदूळ निवडत होती. सगळे दिले का, असं विचारलं. म्हटलं, दहा उरलेत. एक खडा काढून बाजूला टाकला. मग म्हणाली, "शकुनला तुम्हीच सांगा."
सांगितलं. म्हटलं, इंग्रजी शाळेचं काय घेऊन बसलीस, तू नागपूरला कॉलेजात जाशील! शकुन म्हणाली, "हो बाबा. पण जूनमध्ये काय?"
मुली आईच्या वळणावर जातात.

रविवार, २६ सप्टेंबर.
तीन दिवस वादळी पाऊस. बागेत गेलो. झाडांखाली फळांचा सडा. शेषराव म्हणाला, "गळ हाये मास्तर. दरसाल अस्ते." हे त्याने आधी सांगायला हवं होतं. तर म्हणाला, "तुमी इचारलं काहून नाही?"
आता झाडाला अडीचशे धरू. घाबरण्याचं कारण नाही. माल कमी, तर भाव जास्त. हा सिद्धांत आहे.
वानरंही फार. एकाने माझ्यादेखत संत्रं सोललं, चाखलं आणि फेकून दिलं. आंबट असावं. थांबलं पाहिजे हे त्यालासुद्धा कळतं.
राखणदार ठेवला. उरलेले दहा रुपये त्याला.

रविवार, २४ ऑक्टोबर.
विजय! देवीदास नावाचा फळांचा व्यापारी घरी आला. बाग बघून आला होता. दोनशे दहा रोख देतो म्हणाला. मी हसलो. त्याला चहासुद्धा विचारला नाही, म्हणजे आपली किंमत राहते.
तो गेल्यावर ही म्हणाली, "द्या ना. राखणदाराचे जाऊन पन्नास वर सुटतात. शकुनची दोन वर्षं निघतील."
म्हटलं, दिवाळीला मुंबईत भाव कडाडतो.
"कोणी सांगितलं?"
"अनुभव."
"कोणाचा?"
प्रश्नाचा रोख आवडला नाही. जेवताना बोललो नाही. फक्त भात दोनदा मागितला.

मंगळवार, २ नोव्हेंबर. लक्ष्मीपूजन.
देवीदास पुन्हा दाराशी. मुंबईला माल फार उतरला म्हणे, आता एकशे तीस. असल्या युक्त्यांना मी भीक घालत नाही. पूजेत आहेत म्हणून सांग, असं शकुनला सांगितलं. तिने दारात जाऊन सांगितलं, "बाबा पूजेत आहेत म्हणून सांग म्हणाले." खरं बोलण्याचे संस्कार माझेच, पण वेळ ओळखायला अजून शिकवायचं आहे.
माघार नाही. दोनशे दहा नाकारून एकशे तीस घेतले, तर तो अपमान ठरेल.

मंगळवार, ९ नोव्हेंबर.
शेषरावाचा निरोप: फळ पोचट होऊन राहिलं, लवकर काही करा.
सहज फिरत फिरत देवीदासच्या दुकानावरून गेलो. सहज आत शिरलो. त्याने वर न बघता सांगितलं, "पंचेचाळीस. अन् ते बी मास्तर हाये म्हणून." मी ताठ मानेने बाहेर पडलो.
घरी हिने पान वाढलं आणि एकच शब्द विचारला, "किती?"
"पंचेचाळीस." आवाज बारीक निघाला. सर्दी झाली आहे.
ती रागावेल असं वाटलं होतं, तशी तयारीही होती. चार मुद्दे पाठ होते. ती उठली. दुसरं लुगडं नेसली आणि पायी बागेकडे निघाली. शकुन तिच्या मागे धावली. मुद्दे तसेच राहिले.

शुक्रवार, १२ नोव्हेंबर.
कट उघडकीस आला. ही आणि तानुबाई रोज बागेत फळं तोडतात, निवडतात. शेषरावाच्या दोन बैलगाड्या घेऊन कौंडण्यपूरच्या जत्रेत विकायला नेणार. मी बागेत जाऊन साफ मनाई केली. कमलाकांत मास्तरची बायको जत्रेत संत्री विकणार?
म्हणाली, "मी नाही विकणार. तानुबाई विकेल. मी ढीग लावीन आणि पैसे सांभाळीन."
"लोक काय म्हणतील?"
"लोक संत्री खातील."
यावर मी सडेतोड उत्तर देणार होतो, पण गाडीवाल्याने पोती उचलायला हाक मारली. अकरा पोती चढवली. कंबर धरली आहे. माझा निषेध कायम आहे.

सोमवार, १५ नोव्हेंबर.
शकुनही त्यांच्याबरोबर गेली. घर शांत. पुरुषाला एकांत हवाच असतो.
खिचडी केली. खाली लागली. वरची खाल्ली.

शनिवार, २० नोव्हेंबर.
तिघी आल्या. हिचा आवाज बसलेला, पाय सुजलेले. शकुन उन्हाने रापली आहे. तानुबाई ओट्यावर बसून हात उडवत सांगत होती, "बाईनं एक फळ वाया जाऊ देलं नाही, मास्तर! डागी व्हते, त्याइच्या फोडी करून विकल्या. एक जन फुकटात दोन मांगत व्हता, त्याले बाई म्हने, पयले दीडशे देऊन ये, मंग फुकट ने!"
हिने फडकं सोडलं. तानुबाईचा हिस्सा आणि गाडीभाडं देऊन अठ्ठ्याण्णव रुपये नऊ आणे.
दीडशेचे अठ्ठ्याण्णव. याला तोटा म्हणतात, हे मला मान्य आहे. पण देवीदासच्या पंचेचाळीसशी ताडून पाहिलं, तर शेकडा एकशे एकोणीस नफा! हिला गणित समजावून सांगू लागलो. बसल्या जागी झोपली होती. हाताची बोटं सालीच्या रसाने पिवळी झालेली.
शकुन हळूच म्हणाली, "बाबा, जूनमध्ये जमेल. आईने हिशेब केलाय."
धोतराच्या सोग्याने नाक पुसलं. सर्दी अजून उतरली नाही. पांघरूण आणून हिच्या अंगावर घातलं. खर्च काही नव्हता.

सोमवार, २२ नोव्हेंबर.
हिने पैसे पोस्टात टाकले. स्वतःच्या नावाने. मी छत्री धरून बरोबर होतो. ऊन नव्हतं, पण घरातल्या कर्त्या पुरुषाने सोबत असावं.
मूळ कल्पना माझीच, हे शेजारी-पाजारी स्पष्ट केलं आहे.

रविवार, ५ डिसेंबर. सकाळी नऊ.
शेषराव आपल्या भावाला, गोवर्धनला, घेऊन आला. गोवर्धनचीही बाग आहे, उन्हाळ्यात येणारा बहार विकायचा आहे. माझं नाव व्यापारात पसरलं म्हणायचं. कोट चढवून बाहेर आलो. म्हटलं, बोला, किती झाडं?
शेषराव म्हणाला, "बाई कुठं हायेत?"
ही पदराला हात पुसत आली. आधी झाडं बघीन म्हणाली. विसार दहा रुपये, बाकीचे फळ तोडल्यावर, आणि गळ झाली तर भाव कमी. गोवर्धन कुरकुरला, पण मान हलवली. माणसं लवकर वाकतात, हे मी बघून ठेवलं.
मध्येच मी म्हणालो, मुंबईचा भाव लक्षात घेता...
शेषराव अदबीने म्हणाला, "मास्तर, वेव्हार चालून राहिला. तुमी जरासा चहा सांगा ना आत."
आत कोणी नव्हतं. शकुन मैत्रिणीकडे गेली होती. पण पाहुण्यांसमोर वाद घालणं मला शोभत नाही. मी स्वखुशीने आत गेलो. चूल पेटवली. आधण ठेवलं. ही हार नव्हे. घरातलं अर्थखातं मी काही काळ हिच्याकडे सोपवतो आहे, ते काढून घेण्याचा अधिकार राखून.
मग साखर किती घालायची, ते विचारायला बाहेर आलो.