चारी कोपरे शाबूत

प्रयाग, मार्गशीर्ष

बाबूजींच्या पायांवर जगरानीचं डोकं. मयताची खबर देणाऱ्या पत्रासारखा याचा कोपरा फाडलेला नाही, तेव्हा अम्माला सांगा, उगाच रडू नकोस.

मी बरी आहे. जेवते, झोपही लागते. अम्माचे गुडघे कसे आहेत? म्हैस व्याली का?

विलायतेच्या राणीने बंडवाल्यांना माफी दिली, मग आपल्या धाकट्याला, बेचनला, जंगलातून आणून ठाण्यात हजर करू का, असं तुम्ही विचारलंत. कोतवालीच्या भिंतीवरचा जाहीरनामा मी स्वतः वाचला. मुनशीने माफीचा भाग मोठ्याने वाचला आणि लोकांनी बत्तासे वाटले. पुढे लिहिलं आहे की, गोऱ्यांच्या खुनात ज्यांचा हात होता त्यांना माफी नाही. मी ते वाचून दाखवलं, तर शेजारची बटुली काकी म्हणते, “एवढी वाचायला शिकलीस, तर जरा गोड वाच की गं!”

कोणाचा हात होता, ते साहेबच ठरवणार.

एक गोष्ट तुम्हाला सांगितली नव्हती. तुमच्या जावयांनी कोणाला मारलं नाही, असा अर्ज मी केला होता. त्याचं सरकारी उत्तर आलं. लाल लाख, वळणदार अक्षर, चारी कोपरे शाबूत. म्हणून मी ते न घाबरता दारातच उघडलं. फाशी आदल्या सोमवारीच झाली होती.

बेचनला येऊ देऊ नका. हे पत्र डाकेने नाही, हरखू गाडीवानाच्या हाती धाडते आहे. वाचून चुलीत घाला. सोबत यांची रजई आहे, ती बेचनला पोचवा. मला एक पुरते.

तुमची लेक,
जगरानी