एकशे अठरा वलये आणि एक शिंक

तीर्थस्वरूप काकांना पुतणीचा वाकून नमस्कार.

तुमची पाठ कशी आहे? दिवसभर लोकांच्या तोंडात वाकून पाहण्याचा धंदा पाठीला मानवणारा नाही, हे आत्या तीस वर्षे सांगते आहे. दवाखान्यातली खुर्ची वर घेता येत असताना हा स्वतः खाली का जातो, हेही तिने विचारायला सांगितले आहे. काकूंचा खोकला थांबला का? इकडे आम्ही दोघी बऱ्या आहोत. (आत्या खरोखरच बरी आहे. मी बरी आहे असे लिहिले की पत्र पुढे सरकते, म्हणून लिहिले.) आधी दुसऱ्याची प्रकृती विचारावी, मग आपली सांगावी आणि काम काढायचे ते अगदी शेवटी, ताज्या कलमात, म्हणजे तोवर वाचणाऱ्याच्या अंगात नाही म्हणण्याचे त्राण उरत नाही, हे तुम्हीच मला शिकवलेत. दम्यामुळे मी दहा वर्षांची होईपर्यंत शाळेचे तोंड पाहिले नाही. गणित बाबांनी शिकवले, पत्रे लिहायला तुम्ही शिकवलेत आणि उरलेले सगळे जग आत्याने. त्यामुळे माझे जे काही बिघडले आहे त्याला बाहेरचे कुणी जबाबदार नाही.

मी इथे महिनाभर का येऊन राहिले आहे ते बाबांनी तुम्हाला कळवलेच असेल. आत्याला सत्तरावे लागले म्हणून प्रकाशक तिची तिन्ही पुस्तके एका जाड खंडात काढत आहेत आणि त्याची मुद्रिते तपासायचे काम माझ्याकडे आहे. आपल्या घराचा नियम इथेही चालू आहे. घराबाहेर जाणारा कागद, मग ती दूधवाल्याची चिठ्ठी का असेना, दुसऱ्याने वाचून खाली ‘वाचले’ असे लिहिल्याशिवाय जायचा नाही, आणि वाचणाऱ्याच्या पेन्सिलीवर लिहिणाऱ्याने वाद घालायचा नाही. बाबांनी नोकरीचा राजीनामा लिहिला तेव्हा तो आत्याकडे वाचायला गेला होता, आठवते ना? तिने त्यातला राग काढून टाकला, वाक्ये सरळ केली, कारणे क्रमाने लावली, आणि साहेबांनी तो वाचून बाबांना पत्रव्यवहार विभागाचे प्रमुख केले. बाबा पुढची बावीस वर्षे ती नोकरी सोडू शकले नाहीत. तरी वाद त्यांनीही घातला नाही.

तिन्ही पुस्तके सलग वाचताना मी पुन्हा लहान झाले, काका. पहिले ‘चिखलातले शेजारी’, म्हणजे समुद्री कृमींचे (घरात आपण सरळ किडे म्हणतो, आत्या समोर नसताना). ज्या प्राण्याकडे बघून माणूस पाय उचलून घेतो, त्याच्याबद्दल दोनशे पाने लिहायची आणि शेवटच्या पानावर तो मेला म्हणून वाचणाऱ्याने डोळे पुसायचे, हे कसे साधले असेल? ती प्रत्येक प्रकरण इस्त्रीवाल्यांना वाचून दाखवायची. ते कपडे मोजता मोजता ऐकत आणि जिथे त्यांची मोजणी चुकत नसे तो परिच्छेद आत्या फाडून टाके, कारण त्याचा अर्थ तो कंटाळवाणा होता.

त्या पुस्तकातल्या लाल कृमीच्या केसांत विष असते, म्हणून दुसरे पुस्तक विषांवर, ‘विष किती, कुणाला’. त्यासाठी तिने तो प्राणी स्वतःच्या डाव्या हातावर दाबून धरला आणि उजव्या हाताने दर दहा मिनिटांनी नोंद केली. ती पाने छापली आहेत तशी वाचा. ‘आग. जास्त आग. भावाचा फोन आला, त्याला काही सांगितले नाही. आग कमी, खाज सुरू.’ (तो भाऊ म्हणजे तुम्ही. तिने पाठीची चौकशी करून फोन ठेवला होता.) पुढे अशा विषातले काही औषधाला कामी येईल का, हे शोधणाऱ्या डॉक्टरांकडे तिचे जाणेयेणे सुरू झाले, आणि तिथे तिच्या लक्षात आले की औषध शोधणारे पुष्कळ आहेत, पण दिलेले औषध कसे घ्यायचे हे माणसाला समजेल असे सांगणारे कुणी नाही. मग तिसरे पुस्तक, ‘गोळी घेण्याआधी’. त्यासाठी ती तीन महिने कोपऱ्यावरच्या औषधवाल्यांच्या दुकानात स्टुलावर बसून लोक काय विचारतात ते ऐकत होती. ‘दिवसातून तीन वेळा’ सांगितलेल्या गोळ्या एक गृहस्थ सकाळी दहाच्या आत तिन्ही वेळा घेऊन मोकळे होत, म्हणजे दिवसभर डोक्याला ताप नको. त्यांच्यावर ती हसली नाही. ‘रिकाम्या पोटी म्हणजे नक्की कधी’ हे आख्खे प्रकरण तिने लिहिले, आणि औषधवाले म्हणतात की ते प्रकरण काउंटरवर चिकटवल्यापासून त्यांचा घसा बसायचा थांबला. कृमी, विष, औषध. लोक म्हणतात बाईंनी तीन वेळा विषय बदलला. मला वाटते तिने एकदाही बदलला नाही. ज्याच्याकडे कुणी नीट पाहत नाही त्याच्याकडे ती पाहत गेली, एवढेच.

आणि अशा बाईच्या तिन्ही पुस्तकांत एक आकडा चूक आहे, आणि तो माझा आहे.

सांगते. मी नऊ वर्षांची होते. आत्याने मला भिंगाखाली तो लाल कृमी दिला, हातात सुई दिली आणि अंगावरची वलये मोजायला सांगितली. त्र्याहत्तरपर्यंत सगळे सुरळीत होते. मग मला शिंक आली. डोळे उघडले तेव्हा सुई एका वलयावर होती, पण ते त्र्याहत्तरावे की चौऱ्याहत्तरावे, हे मला कळेना. पुन्हा पहिल्यापासून मोजायला हवे होते. पण आत्या चहा गाळत म्हणाली, “झालं का गं?” आणि मी चौऱ्याहत्तर धरून पुढे गेले. एकशे अठरा आले. मी एकशे अठरा सांगितले आणि तिने वहीत लिहून टाकले.

तो आकडा पहिल्या पुस्तकात आहे. दुसऱ्यात ‘एकशे अठरा वलयांचा आमचा जुना मित्र’ म्हणून आहे. तिसऱ्याच्या प्रस्तावनेतही आहे. तिथून तो शाळेच्या पुस्तकात गेला, आणि पुढे माझ्याच परीक्षेत एका गुणाचा प्रश्न म्हणून माझ्यासमोर आला. मी ‘एकशे सतरा किंवा एकशे अठरा’ असे लिहिले. बाईंनी गुण दिला नाही आणि प्रगतिपुस्तकावर ‘घरच्यांनी लक्ष द्यावे’ असा शेरा मारला.

अठरा वर्षे हे मी गिळून होते. पण परवा अर्पणपत्रिकेचे मुद्रित आले. त्यावर छापले आहे: ‘माझ्या भाचीस, जिची मोजणी कधी चुकली नाही.’ काका, माझ्या हातातली पेन्सिल खाली पडली. खंड पुढच्या गुरुवारी छपाईला जातो.

मी ठरवले की आधी खरा आकडा शोधायचा आणि मग कबूल करायचे. म्हणून सोमवारी आत्याला टपाल टाकायला जाते असे सांगून (टपाल खरेच टाकले, खोटे बोलायला नको) मी ओहोटीच्या वेळी बादली घेऊन खाडीकाठच्या चिखलात उतरले. पहिल्या पुस्तकात लिहिले आहे तसे बीळ शोधले, बोटाने हळूच उकरले, आणि खरोखर एक लाल कृमी वर आला. हातमोजे होते. मी ओढले. त्यानेही ओढले. मग तो मधोमध तुटला. पुढचा अर्धा माझ्याकडे राहिला आणि मागचा अर्धा आपल्या वाटेने बिळात निघून गेला. माझ्याकडच्या भागावर एकसष्ट वलये होती, ती मी चार वेळा मोजली. उरलेल्यांबद्दल मला काही सांगता येत नाही. त्या गडबडीत डावा बूट चिखलात रुतला. तो काढताना बूट आला, बंद तुटला आणि मी बसले.

घरी आले तर आत्याने माझ्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिले आणि म्हणाली, “पुलाच्या अलीकडचा चिखल. पलीकडचा इतका काळा नसतो.” मी काही बोलणार तोच तिचे डोळे भरून आले. तिला वाटले, तिचे पुस्तक वाचून मला किड्यांची ओढ लागली. तिने मला कोरडे कपडे दिले, चहा दिला आणि प्रकाशकांना फोन करून अर्पणपत्रिकेचा टाइप एक माप मोठा करायला सांगितला.

तर असे आहे. बाकी सर्व क्षेम. काकूंना नमस्कार. पाठ सांभाळा.

तुमची आज्ञेतली (बव्हंशी) पुतणी

ता. क. आता काम. मी मोजलेला तो मूळ कृमी आत्याने पुस्तक निघाले तेव्हा बरणीत घालून तुम्हाला दिला होता, तो तुमच्या दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत आहे. (त्याच्याकडे बघून निम्म्या लोकांची दाढ दुखायची थांबते, असे तुम्ही म्हणता.) कृपा करून तुमच्या भिंगाखाली त्याची वलये मोजून पुढच्या बुधवारपर्यंत कळवा. आणि कमीजास्त निघाली तर ते आत्याला तुम्हीच सांगा. तुम्ही तिचे धाकटे भाऊ आहात, तुम्हाला सवय आहे.

ता. क. २. पत्र पाकिटात घालताना लक्षात आले की ते कुणीच वाचलेले नाही. घरात आम्ही दोघीच. मी इस्त्रीवाल्यांना विचारून पाहिले, तर ते म्हणाले की घरगुती पत्रे ते वाचत नाहीत, फक्त पुस्तके ऐकतात. न वाचलेले पत्र टाकायला हात धजेना. शेवटी मी ते आत्याच्या हातात दिले आणि स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले.

तिने दोन स्वल्पविराम काढले. ‘डोळे भरून आले’ याखाली रेघ मारून ‘कांदा चिरत होते’ असे लिहिले. (कांदा नव्हता. पण नियम आहे, वाद घालणार नाही.) मग मला बोलावून समोर बसवले आणि म्हणाली, “त्या दिवशी दुपारी तू झोपलीस तेव्हा मीही मोजली होती. तीनदा. एकशे सतरा, एकशे एकोणीस, एकशे अठरा. शेपटाशी नवी वलयं फुटत असतात, कुठलं झालं आणि कुठलं व्हायचंय हे मलाही आजवर सांगता आलेलं नाही.”

मग तिने पहिल्या पुस्तकाच्या हस्तलिखिताचे बाड काढून एक्केचाळिसावे पान माझ्यापुढे ठेवले. तिच्या अक्षरात लिहिले होते, ‘सुमारे एकशे अठरा’. ‘सुमारे’ हा शब्द पेन्सिलीने खोडला होता. समासात माझ्या नऊ वर्षांच्या अक्षरात होते, ‘बाबा म्हणतात गणितात सुमारे नसते’, आणि खाली मोठ्या अक्षरात, ‘वाचले’.

“वाद घालायचा नाही हा नियम मीच केलेला,” ती म्हणाली. “मला वाटलं, कधीतरी तूच तो शब्द परत घालशील.”

मी तिन्ही ठिकाणी ‘सुमारे’ परत घातला. चौथ्या ठिकाणी तिने स्वतः घातला. अर्पणपत्रिका आता अशी आहे: ‘माझ्या भाचीस, जिची मोजणी सुमारे बरोबर आली.’ टाइप मोठाच राहिला आहे. अठरा वर्षांत मी इतकी शांत झोपलेली नाही.

ता. क. ३. बरणीचे मोजू नका. आत्या म्हणते, ती बरणी तुमच्या हातून बारा वर्षांपूर्वीच फुटली आणि तेव्हापासून आत बुटाचा बंद आहे; टोकाला पत्र्याची टोपी दिसते, त्यावरून तिने ओळखले. तिने तुम्हाला विचारले नाही, कारण दाढ दुखायची तरीही थांबते. काळजी करू नका, ती रागावलेली नाही. बंद मात्र जमल्यास पाठवावा, माझ्या डाव्या बुटाला हवा आहे.

वाचले. बंद तपकिरी आहे, हे तिने लिहायला हवे होते. खुर्ची वर घे. — आत्या