मावशी, तुझ्या पुस्तकाच्या शेवटाविषयी

घोडेगाव, ता. नेवासे,
१८ मार्च १९७३

तीर्थरूप अनसूयामावशीस,

राधाकृष्णाचा दोन्ही हात जोडून आणि मान नेहमीपेक्षा वीतभर जास्त खाली घालून नमस्कार. (जास्त का, ते पुढे कळेल. एकदम शेवटाकडे जाऊ नकोस.) इकडे आम्ही सगळे धुळीने माखलेले, पण खुशाल आहोत. तुझे गुडघे कसे आहेत? पुण्यात अजून नळाला पाणी येतं असं ऐकतो. एखाद्या सकाळी उगीचच नळाखाली हात धर आणि माझी आठवण काढ.

तुझ्या 'कबऱ्याच्या मागावर' या पुस्तकाच्या पंचवीस प्रती यष्टीने निघाल्या आणि चोवीस पोचल्या. पंचविसावी कंडक्टरने वाटेत सहज उघडली होती. मी गठ्ठा उतरवून घेताना तो दुसऱ्या प्रकरणात होता, तिकिटं फाडायचंही त्याला भान नव्हतं, आणि मी हात पुढे केला तर म्हणाला, "गुरुजी, परतीच्या फेरीला देतो." ती परतीची फेरी अजून व्हायची आहे. तू चाळीस वर्षं शाळेत शिकवून निवृत्त झालीस आणि मग गोष्टीचं पुस्तक लिहिलंस, त्याला मिळालेला हा पहिला मान समज.

आता आधी माझं एक पाप सांगतो. माझ्या शाळेच्या कपाटात गेली अकरा वर्षं गोष्टींची एकतीस पुस्तकं आहेत, आणि फाटतील म्हणून मी ती एकाही मुलाच्या हाती दिलेली नाहीत. तपासणीला साहेब येतात, कोरी करकरीत पुस्तकं बघतात आणि 'ग्रंथालय उत्तम राखले आहे' असा शेरा मारतात. मीही तो शेरा दरवर्षी बायकोला वाचून दाखवत आलोय. तुझी पुस्तकंही त्याच कपाटात जायची, पण यंदा शाळेत मुलंच नाहीत. दुष्काळी काम सुरू झाल्यापासून सगळी आईबापांबरोबर खडीवर असतात. पटावर बावन्न आणि वर्गात चार, त्यातला एक माझाच. तेव्हा म्हटलं, मुलं पुस्तकांकडे येत नाहीत तर पुस्तकांनी जावं. दुपारच्या भाकरीच्या सुट्टीत पिशवी घेऊन खडीवर गेलो आणि एका खुरट्या लिंबाखाली उभा राहिलो. पुस्तकं वाटू लागलो तर कुणी हात पुढे करेना. "फाटलं तर मारताल," मुलं म्हणाली. अकरा वर्षांत मी एवढा एकच धडा नीट शिकवलेला होता.

म्हणून वाचून दाखवायला लागलो. मावशी, पहिल्या पानाला सात मुलं होती. पहिलं प्रकरण संपलं तेव्हा मुलं, त्यांच्या आया, पाणी वाटणारी बाई आणि पुंजाराम मुकादम, असे पन्नासेक जण बसले होते. मुकादमाने अर्धा तास दिला होता. तिसऱ्या प्रकरणापासून तोच शिट्टी खिशात घालून पुढे सरकू लागला. (खडीचा ढीग मार्चमध्ये कमी का भरला अशी चौकशी झाली, तर कारण तू आहेस. मी नाव सांगणार नाही.) तू लिहिलेली मंजुळा बाजारात विकलेलं आपलं वासरू शोधायला एकटी निघते, ओढ्यात कबऱ्याचा खूर उमटलेला बघते आणि त्या खुराच्या मापाची काडी मोडून सोबत ठेवते, तिथे सगळ्यांचे घास हातातच राहिले. मी एवढी वर्षं मुलांना वाचायला शिकवतोय, पण ऐकता ऐकता तोंड उघडं राहिलेलं मूल मी पहिल्यांदाच बघितलं. एक गोष्ट मात्र कळवायला हवी. प्रत्येक प्रकरणाखाली तू चौकटीत जे 'तात्पर्य' घातलं आहेस, तो शब्द निघाला की सगळी मंडळी पाणी प्यायला उठत. चौथ्या प्रकरणापासून मी तात्पर्य एका दमात म्हणू लागलो, गाडी चुकत असल्यासारखं.

ऐकणाऱ्यांत दोघांची ओळख करून देतो. एक चांगुणा. लंकाबाईची मुलगी, वय दहा. त्यांचा भुऱ्या नावाचा गोऱ्हा होता, तिने अंगाखांद्यावर खेळवलेला. दिवाळीनंतर वैरण संपली आणि लंकाबाईने तो इथल्या बाजारात विकला. तेव्हापासून पोरगी आईशी कामापुरतं बोलते. दुसरे गनीभाई, जनावरांचे व्यापारी. भुऱ्या त्यांनीच घेतला होता. यंदा बाजारात विकणारे शंभर आणि घेणारा एखादा, त्यामुळे त्यांना वेळच वेळ. तेही ऐकायला यायचे, पण चांगुणा त्यांच्याकडे बघतसुद्धा नाही, म्हणून खडीच्या ढिगाआड बसायचे. तिथूनच त्यांच्या हरकती यायच्या. "मास्तर, बाईंनी बाराव्या पानाला वासराला दोन दाती केलंय आन् तिसाव्याला परत आदत, निस्त्या दुधाच्या दातांचं! आलेला दात पोटात जातो व्हय?" आणि व्यापारी असा बाजारात भाव ओरडत नाही, उपरण्याखाली बोटं धरून ठरवतो, हेही त्यांनी चारचौघांत मला बोटं धरून दाखवलं. तुझ्या पुस्तकातला मिशाळ व्यापारी 'हा हा हा' करून हसतो, तेव्हा मात्र ढिगाआडून काहीच आवाज येत नसे.

चांगुणा पहिल्या दिवशी अगदी मागे होती. कबऱ्याला दावं लावून बाजारात नेलं त्या प्रकरणाला ती पुढे आली. नवव्या प्रकरणाला तर पुस्तकाच्या कडेवर बोट ठेवून बसली, मी पान मधेच मिटीन की काय अशी. त्या दिवशी घरी जाऊन मी दहावं प्रकरण वाचलं. (जानेवारीच्या पत्रात 'पुस्तक शेवटपर्यंत रसाळ उतरले आहे' असं मी कळवलं होतं. ते नऊ प्रकरणांपुरतं खरं होतं. क्षमा कर.) मंजुळाला कबऱ्या सापडतो, पण तो असतो एका बागायतदाराच्या पांगळ्या मुलापाशी, आणि ती त्याला तिथेच ठेवून, मागे वळून न पाहता, हसतमुखाने घरी येते. तात्पर्य, त्यागातच खरे सुख आहे. मावशी, माझ्या डोळ्यांपुढे ते कडेवरचं बोट आलं. मी उठलो, दार लावलं आणि चोवीसच्या चोवीस प्रतींची शेवटची अकरा पानं फाडून ट्रंकेत घातली. एक वही फाडली तर छडी मारणारा मी. पानं मात्र पट्टी धरून सरळ फाडली, एवढं समाधान मानून घे.

दुसऱ्या दिवशी खडीवर जाहीर केलं की छापखान्याच्या चुकीने शेवट आलेलाच नाही. मग जो गलका झाला तो मुकादमाने शिट्टी फुंकली तरी थांबेना. लंकाबाई म्हणाली, "मास्तर, आर्धी पुस्तकं कशापाई आनता? आर्धी भाकर दिलेली बरी." पाणी वाटणारी म्हणाली, मंजुळाने पहाटे दावं कापून कबऱ्याला पळवलंच असणार. मुकादमाच्या मते कलेक्टरचा हुकूम येऊन कबऱ्या परत मिळाला. चांगुणा उठली आणि खडी फोडायला गेली, सुट्टी संपायच्या आत. गनीभाईंनी मला बाजूला घेतलं आणि हळू आवाजात विचारलं, "बाईंनी त्या व्यापाऱ्याला शेवटी सुधारला का न्हाई, तेवढं सांगा." मी म्हटलं, मला काय माहीत? इतक्या भल्या माणसाशी इतकं सरळ खोटं मी याआधी बोललो नव्हतो.

गनीभाई चार दिवस दिसले नाहीत. पाचव्या दिवशी दुपारी आले ते मुलीला, सुरय्याला, घेऊन. ती सातवीत आहे. तिच्या हातात पंचविसावी प्रत! कंडक्टरची गोष्ट मी खडीवर कधीतरी सांगितली होती, तेवढ्यावरून ते नगरच्या यष्टी स्टँडावर दोन दिवस येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचे कंडक्टर विचारत बसले होते. तो भला माणूस म्हणे पुस्तक तिसऱ्यांदा वाचत होता. मी "आण, मीच वाचतो," म्हणून हात पुढे केला, तर गनीभाई म्हणाले, "ऱ्हाऊ द्या, मास्तर. तुमचा घसा बसलाय." त्यांनी माझ्याकडे जे बघितलं त्यावरून माझा घसा कशाने बसलाय हे त्यांना नेमकं कळलं होतं.

सुरय्याने वाचलं. तिचा आवाज तुझ्या मंजुळाला असावा तसाच आहे, स्वच्छ आणि जरा हट्टी. तिने एक शब्द गाळला नाही, तात्पर्यसुद्धा सावकाश वाचलं. या वेळी पाणी प्यायला कुणी उठलं नाही. लंकाबाई मुलीकडे बघत होती, गनीभाई ढिगाआडून बाहेर येऊन उभे होते आणि मी माझ्या चपलांकडे बघत होतो. मग चांगुणा बोलली. तिचे शब्द मी तसेच्या तसे लिहितो.

"त्या चौकटीत लिवलंय त्ये खोटं हाय. तिला कबऱ्या पायजेच हुता. पर तिच्या घरी वैरन न्हवती आन् त्या पोराच्या घरी हुती. म्हनून ठिवला. आन् ती हासली बिसली काय न्हाई. रडायला येत हुतं, म्हनून मागं बघितलं न्हाई तिनं."

लंकाबाई, पदर तोंडाशी धरून, कुणाकडेही न बघता म्हणाली, "म्या बी न्हाई बघितलं मागं. त्या बाजाराच्या दिशी."

चांगुणाने आईकडे असं बघितलं की जणू ती बाई आजच तिच्या ओळखीची झाली. सरकून तिच्या मांडीला मांडी लावून बसली. आणि मग चार महिन्यांत पहिल्यांदा गनीभाईंना विचारलं, "भुऱ्याला वैरन हाय का?" मावशी, हा माणूस बाजारात भल्याभल्यांना बोटांवर खेळवतो. आता उपरण्याचं टोक बोटांभोवती गुंडाळत म्हणाला, "हाय, बेटा. सोनईला दिलाय, हिरीला पानी हाय त्या मानसाकडं. उसाचं वाढं खातोय रोज. वाईट जागी न्हाई दिला म्या. चल, दावतो तुला."

आणि खरंच दाखवला. परवा आम्ही पाच जण यष्टीने सोनईला गेलो. तू असतीस तर इथे गोऱ्ह्याने हंबरडा फोडून धावत यावं असं लिहिलं असतंस. (मीही लिहिलं असतं.) भुऱ्याने चांगुणाला ओळखलं नाही. त्याने तिच्याकडे एकदा बघितलं, वाढ्यात तोंड घातलं आणि माझ्या पायावर पाय दिला. तो अंगठा अजून काळानिळा आहे. चांगुणा जरा वेळ उभी राहिली, मग त्याच्या पाठीवरून हात फिरवून म्हणाली, "वळखत न्हाई मला. पर प्वाट बगा कसं भरलंय!" गनीभाईंनी तिला त्याचा ओठ उचलून दात बघायला शिकवलं. परतताना ती रस्त्याच्या वळणापर्यंत मागे वळून वळून बघत होती, आणि यष्टीत बसल्यावर बोलायला लागली ती घोडेगाव आलं तरी थांबली नाही. लंकाबाईने "गप की आता," म्हटलं, पण ते म्हणताना ती हसत होती.

तेव्हापासून मी एकच विचार करतोय. त्या पोरीने तुझं पुस्तक माझ्यापेक्षा चांगलं वाचलं, आणि रागावू नकोस, कदाचित तुझ्यापेक्षाही. पण तिने जे वाचलं ते तूच लिहिलेलं होतं. 'मंजुळाने मागे वळून पाहिले नाही' हे वाक्य तुझं आहे, तिने फक्त त्याच्यावरची चौकट काढली. एवढं खरं वाक्य लिहिणारी बाई माझी मावशी आहे, हे मी गावात येईल त्याला सांगतोय. कपाटाचं कुलूप काढलं आहे. एकतीसपैकी चौदा पुस्तकं बाहेर आहेत, दोन फाटली, एकावर कालवण सांडलं. इतकी चांगली वाताहत मी आयुष्यात पाहिली नव्हती. तुझी फाडलेली पानं रेशनवरच्या लाल मिलो ज्वारीच्या पिठाची खळ करून पुन्हा चिकटवली आहेत. तीन प्रतींत दहावं प्रकरण नवव्याच्या आधी लागलं आहे. त्या मी साहेबांच्या तपासणीसाठी ठेवल्या आहेत.

तुझा पाने फाडणारा भाचा,
राधाकृष्ण

ता. क. – गनीभाईंनी दातांच्या दुरुस्त्या सुरय्याकडून लिहून घेतल्या आहेत, सोबत जोडतो. पुढच्या आवृत्तीत व्यापाऱ्याला सुधारला नाहीस तरी चालेल, पण त्याला 'हा हा हा' हसवू नये अशी त्यांची विनंती आहे.

आणखी ता. क. – खरं तर हे विचारायलाच पत्र लिहायला घेतलं होतं. मी सात वर्षांचा असताना विषमज्वराने पडलो होतो, तेव्हा तू उशाशी बसून मला एक पुस्तक वाचून दाखवलं होतंस. कळपातून चुकलेलं हत्तीचं पिल्लू शेवटी घरी येतं आणि आई त्याला सोंडेने जवळ ओढते, अशी गोष्ट होती. परवा कपाट उपसताना तेच पुस्तक निघालं, तोच जांभळा पुठ्ठा. मावशी, पिल्लू घरी येत नाही. मी तीनदा पाहिलं, पान फाटलेलं नाही. अशा आणखी किती गोष्टी तू माझ्यासाठी बदलल्यास? त्यांची नावं तेवढी कळव, म्हणजे ती पुस्तकं मी मुलांना देईन आणि स्वतः उघडणार नाही. मुलांना खरा शेवट सोसतो, हे मला आता पटलं आहे. माझी मात्र खात्री नाही.