ट्रॅक्टरला मागून हूक बसवला त्याबद्दल

मळ्यातून, ता. नेवासा
कोजागरीचा दुसरा दिवस, १९७१

रा. रा. मच्छिंद्रराव मेव्हणे, मुक्काम देवळाली प्रवरा, यांना कानिफनाथाचा मनापासून नमस्कार.

ज्या फळीवर कागद ठेवून लिहितो आहे ती फळी मी रंधली आहे, बसलो आहे ती खुर्ची मी केली आहे (तिचा पाय आखूड नाही, जमीन उंच आहे), विहिरीवरचा रहाट माझा, कोंबड्यांच्या खुराड्याचे आपोआप मिटणारे दार माझे, आणि आता ट्रॅक्टरचा मागचा हूकही मीच केला आहे, कुठल्याही कारखान्यात एक दिवस न शिकता. तुमचा गुडघा कसा आहे? वहिनींचा खोकला गेला का? इकडे तुमची बहीण मालन खुशाल आहे. बैल विकल्यापासून ती माझ्याशी बोलत नाही, जे बोलायचे ते ट्रॅक्टरशी बोलते.

तुमच्याच गोठ्यात जन्मलेली ती जोडी विकून मी भिंगारच्या लिलावातून ट्रॅक्टर आणला, तेव्हा भरल्या पंगतीत म्हणालो होतो की या मळ्यात पुन्हा बैलाचा खूर उमटणार नाही. तुम्ही अर्धी पोळी ताटात ठेवून उठलात. ट्रॅक्टर जुना, बुटका, कुणा साहेबाच्या बंगल्यात गवत कापायला ठेवलेला. पुढे पाती, मागे ओढायला साधी कडीसुद्धा नाही. आणि हस्ताच्या पावसाने वाफसा तर असा आला होता, की चार दिवसांत पेरणीची पाभर फिरली नाही तर ओल उडाली आणि वर्षाची भाकरी गेली.

म्हणून मी ट्रकच्या मोडक्या कमानीचा पाटा आणला, भात्यावर लाल केला आणि हूक वळवला. (भिंगारचा दाऊद मिस्त्री म्हणाला, "कानिफशेट, वेल्डिंग मारून देतो." मी म्हणालो, चिकटवलेले काम मी करत नाही. तापवलेले रिव्हेट ठोकले.) उंची मापून घेतली. पाभरीची दांडी पिढ्यान्‌पिढ्या बैलाच्या खांद्यावर टेकत आली, म्हणून हूकही बरोबर बैलाच्या खांद्याइतकाच उंच ठेवला, बोटभरही फरक नाही. मालन बियाण्याची ओटी बांधून पाभरीच्या बी सोडायच्या चाड्यापाशी उभी राहिली. मी गिअर टाकला. फण मातीत रुतले, आणि मच्छिंद्रराव, ट्रॅक्टर उभा राहिला! पुढची दोन्ही चाके आभाळात, मी पाठीवर, समोर शेत नाही, नुसते ढग. आयुष्यात इतकी भव्य गोष्ट मी पाहिली नव्हती. शेजारच्या बांधावरच्या पुंजारामने तर टोपी काढून हात जोडले. मालन ट्रॅक्टरला म्हणाली, "खाली ये रे बाबा. आभाळ पेरायचं न्हाई आपल्याला."

दुपारभर मी त्याच्या पोटाखाली उताणा पडून होतो. मग उमगले, की बैल खांद्याने ओढतो, हा मागच्या चाकांनी ओढतो. याचा खांदा म्हणजे याचा आस. तेव्हा रिव्हेट छिनले, हूक आसाच्या खाली वीतभर उतरवला, दांडी त्या मापाने कापली.

त्यानंतरचे लिहिताना हात थांबतो. हुकातली अंगठ्याएवढी एक खीळ, आणि तिच्यामागे पाभर, माती, आमचे अख्खे वर्ष निमूट चालत आले. पेरणीचे तास कसे, तर ओळंबा धरल्यासारखे. कुठे दम घेणे नाही, फेस नाही, शेपटी पिरगाळणे नाही. मी वळून वळून हुकाकडेच पाहत होतो (म्हणून एक तास बाभळीत गेले). हे आपल्या हातून झाले यावर माझाच विश्वास बसेना. संध्याकाळी मालनने बॉनेटला हळदकुंकू लावले आणि म्हणाली, "लई गुनाचा हाय. मालकापरीस ऐकतोय."

लहानांस आशीर्वाद. हूक पाहायला एकदा अवश्य या.

आपला,
कानिफनाथ

ता. क. येणारच असाल तर रिकामे येऊ नका, एक बैलजोडी घेऊन या. ओढ्याकाठची दीड एकर राहिली आहे आणि ट्रॅक्टर त्याच ओढ्यात नाकापर्यंत गेला आहे. मागची बाजू मात्र वर आहे, त्यामुळे हुकाला बैल जुंपायला अत्यंत सोयीचे पडेल. ओल फार तर तीन दिवस आहे.

ता. क. दुसरा. बाजारच्या वारी या, गाव तिकडे गेलेले असते. बैलांच्या घुंगुरमाळा घरीच ठेवा. खुरांचे ठसे मी स्वतः फावड्याने मोडीन.

ता. क. तिसरा. बागाईतदार आबासाहेब काल ओढ्याच्या काठावर बराच वेळ उभे होते. म्हणाले, "ट्रॅक्टर राहू द्या. नुसता हूक देता का? रोख अडीचशे." मी नाही म्हणालो.