सर म्हणाले, जमीन रिकामी होती

सर, कॉलेज आपली स्मरणिका काढतंय आणि आपल्यावरची दोन पानं मी लिहावीत असं ठरलं. आपली लाडकी विद्यार्थिनी आणि आता आपल्याच इतिहास विभागाची प्रमुख, म्हणून. ती दोन पानं काल देऊन टाकली. त्यात आपली विद्वत्ता आहे, शिस्त आहे, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट आहे. वाचून लोकांना भरून येईल. जे त्यात घालता आलं नाही ते इथे लिहितेय. हे कुठे पाठवायचं नाही, त्यामुळे ‘आदरणीय’ गाळलंय.

आपण फळ्यावर अमेरिकेचा नकाशा एका दमात काढायचात, खडू न उचलता, आणि मग पूर्व किनाऱ्यापासून पश्चिमेकडे एक लांब बाण ओढायचात. बाणाच्या पुढे कोराच फळा. “इथे जमीन रिकामी होती. माणसं आली, त्यांनी ती कसली, देश उभा केला.” मी तिसऱ्या बाकावर बसलेली असते. पहाटेची पहिली बस पकडून गावाहून स्वारगेटला आणि तिथून चालत कॉलेजात आलेली. मी हात वर करते. “सर, पन तिथं आधी कोन राहत होतं?” आपण सावकाश वळता. रागावत नाही, रागावणं आपल्याला कमीपणाचं वाटायचं. “कोन नव्हे, कोण. आधी ‘ण’ शिका, मग अमेरिकेला जाऊ.” वर्ग हसतो. हसू ओसरल्यावर आपण हात झटकत म्हणता, “होत्या काही टोळ्या. परीक्षेला येत नाहीत.”

मी ‘ण’ शिकले. वर्षभरात इतका स्वच्छ शिकले, की आई म्हणायची, ही घरात पाव्हन्यावानी बोलाया लागली. वर्गात पहिली आले तेव्हा आपण मला घरी, नारायण पेठेत, बोलावून स्वतःचा जुना ॲटलास दिलात आणि पहिल्या पानावर लिहिलंत, ‘होतकरू विद्यार्थिनीस’. होतकरू हा शब्द आपण फक्त बसनं येणाऱ्यांसाठी राखून ठेवला होता, हे मला फार नंतर कळलं. पेठेतली मुलं आपल्या लेखी जन्मतःच हुशार असत. त्या दिवशी मात्र मी ॲटलास छातीशी धरून स्वारगेटपर्यंत जवळजवळ पळत गेले होते.

मी शेवटच्या वर्षाला असताना एका कंपनीला आमच्या गावाची ओढ्यापलीकडची शेतं हवी होती. तिथे कचेऱ्या आणि वसाहत होणार होती. लोक नाही म्हणत होते. ज्वारी होती, मेथी-कोथिंबीर होती, विहिरीला उन्हाळ्यातही पाणी होतं. विकायची कुणाला गरज नव्हती. मग कंपनीनं देवळाच्या सभामंडपात सभा घेतली, गावजेवण घातलं आणि बोलायला एक विद्वान आणला. गाडीतून आपण उतरलात तेव्हा मी शेजारच्या बायकांना सांगत सुटले, हे माझे सर.

आपण तासभर अमेरिका सांगितलीत. रेल्वे पश्चिमेला कशी पोचली, पोलादाचे कारखाने कसे उभे राहिले, माळरानावर शहरं कशी आली. “त्यात हाल झाले, लहान मुलंही कारखान्यांत राबली, हे मी नाकारत नाही. पण मग सुधारक आले. मक्तेदाऱ्या मोडल्या, कामाचे तास ठरले, बायकांना मत मिळालं. आधी वाढ होते, सुधारणा मागून येतात. इतिहासाचा क्रमच तो आहे.” माझे वडील पुढच्या रांगेत मांडी घालून बसले होते. शाळा त्यांनी पाहिली नव्हती. ते म्हणाले, “मास्तर, मागनं म्हंजी किती मागनं?” मंडपात कुणी हसलं नाही. आपण हसलात. “इतिहासाला घाई नसते, काका.” मग शाल-नारळ घेतलात, जेवणाला थांबला नाहीत, तेलकट सोसत नाही म्हणालात, आणि आल्या गाडीनं परत गेलात.

त्या शालीचा मी बरीच वर्षं विचार केलाय. आपण विकले गेला असतात तर मला समजलं असतं, लोभ मला कळतो. आपल्याला फक्त कुणीतरी बोलायला बोलावलेलं हवं होतं. एका व्याख्यानाच्या हौसेपायी आपण एक गाव मोकळं करून दिलंत, आणि घरी जाऊन वरण-भात जेवलात.

आपण वारल्यावर आपली पुस्तकं कॉलेजच्या लायब्ररीत आली. मी ती एकेक करून वाचली. ज्या लोकांना आपण टोळ्या म्हणून झटकलंत, त्यांच्याशी करार झाले होते आणि ते मोडले गेले होते. पुढे त्यांच्यासाठी राखलेल्या सामाईक जमिनीचेही तुकडे पाडले, माणशी वाटले आणि उरलेली जमीन नव्या आलेल्यांना खुली केली. तेही सुधारणेच्याच नावाखाली. म्हणजे मागून जी सुधारणा आली तिनं उरलंसुरलंही नेलं. त्या परिच्छेदाच्या कडेला पेन्सिलीची बारीक खूण आहे आणि आपल्या टपोऱ्या अक्षरात एकच शब्द, ‘महत्त्वाचे’. सर, माहीत नव्हतं म्हणायची सोयसुद्धा आपण ठेवली नाहीत.

आता ओढा पाइपातून जातो. वर काचेच्या इमारती आहेत आणि त्यांच्याभोवती भिंत. वडील थकले होते तेव्हा एकदा हट्टानं तिकडे गेले, मी सोबत होते. फाटकावरच्या माणसानं वही पुढे केली. “कोणाकडे जायचंय, आजोबा?” वडील म्हणाले, “हिरीकडं.” हीर म्हणजे विहीर, हे त्याला कळेना. आत अशी कुणी व्यक्ती राहत नाही, असं त्यानं नम्रपणे सांगितलं. आम्ही परत फिरलो. रस्ताभर वडील आपल्याला शिव्या देत होते. मरेपर्यंत देत राहिले. त्या मास्तरानं गाव घालिवलं, हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं, आणि दर वेळी मी शेजारी बसून मान हलवायचे.

पण सभेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या चुलीपाशी काय झालं ते आपल्याला माहीत नाही. आई भाकरी थापत होती. वडील चहाची बशी हातात धरून बसले होते, पीत नव्हते. मला म्हणाले, “ते मास्तर ऱ्हाऊ दे. तू शिकलीयास, तू सांग. खरं हाय का त्यांचं?” वर्गात विचारलेला प्रश्न मला तेव्हा आठवला होता. बाणापुढचा कोरा फळाही आठवला होता. मी म्हणाले, “सर खोटं बोलत नाहीत.” त्यांनी बशी खाली ठेवली, आणि त्याच आठवड्यात कागदावर अंगठा उठवला.

ती सकाळ ते खरंच विसरले होते की मला सांभाळून घेत होते, हे मला माहीत नाही. मी त्यांना कधी विचारलं नाही.