भातावरची माशी

मंगळवार, संध्याकाळ. मुंबई, वॉर्डात.

आज डॉक्टरीणबाईंनी नीट समजावून सांगितलं. माझ्या सायलीला रक्ताचा कॅन्सर आहे, आणि त्याची पहिली खूण डोळ्यात दिसली. डोळ्याच्या आतल्या पडद्यावर रक्त साकळलंय, म्हणून तिला समोर काळा ठिपका दिसतो. औषधं लागू पडतील म्हणाल्या. मी मान डोलवत होते, पण डोक्यात एकच. भातावरची माशी.

किती दिवस पोर सांगत होती, "आई, भातावर माशी हाय." आमच्या रेवदंड्यात दारातच मासळी सुकत घातलेली, माशांना काय तोटा! मी न बघताच ताटावर हात हलवायचे. ती म्हणायची, "अजून हाय." शेवटी ओरडले, "जेवायचं न्हाय तर सरळ सांग, माशीचं नाव कशाला?" तेव्हापासून जेवताना तिने माशीचं नाव काढलं नाही. मान वाकडी करून जेवायची. मला तेही लाडच वाटले.

शाळेच्या भिंतीवरही माशी दिसते म्हणाली, तेव्हा कुठे अलिबागला डोळे दाखवले. तिथल्या डॉक्टरांनी लगेच रक्त तपासायला लावलं.

आधी नेलं असतं तर? आज डॉक्टरीणबाईंना विचारायचं धाडस झालं नाही.

मघाशी ताट आलं. पांढरा भात. इथे खिडक्या बंद, माशी कुठली असणार? तरी माझा हात आपोआप ताटावर फिरला. सायलीने मान वाकडी करून माझ्याकडे पाहिलं.

"ऱ्हाऊ दे, आई. ती जायची न्हाय. तू जेव."